जर्दाळूच्या खालच्या फांद्या

१

फुलावर आलेलं झाड कोणी छाटत नाही. आमच्या तिहोवित्सा गावात तर आता कोणी कुठलंच झाड छाटत नव्हतं. खिंडीतलं धरण बांधून झालं होतं, आणि सरकारने संपादन केलेली खालच्या आळीतली सगळी घरं उन्हाळ्यानंतर पाण्याखाली जाणार होती. बुडणाऱ्या झाडाची निगा कोण राखतो?

तरीही त्या दिवशी फिला दुपारच्या बसने शहरातून परत आली, तिने फाटक उघडलं आणि ती तिथेच उभी राहिली. अंगणातल्या जर्दाळूच्या खालच्या सगळ्या फांद्या नाहीशा झाल्या होत्या. वरच्या तशाच होत्या, आणि पांढऱ्या-गुलाबी फुलांनी इतक्या भरल्या होत्या की झाडाचा वरचा भाग जमिनीपासून सुटून धुक्यात तरंगत असावा असं वाटत होतं. खाली नुसतं काळं खोड. जिथे जिथे करवत लागली होती तिथे कोणीतरी ओली माती लिंपली होती. ती अजून वाळलेली नव्हती.

अंगणात पाकळ्यांचा सडा पडला होता. फांदी मात्र एकही नव्हती.

हे सगळं तिने मला वाचनालयात येऊन सांगितलं. गावाचं वाचनालय मी सांभाळतो, म्हणजे त्या दिवसांत पुस्तकं खोक्यांत भरत होतो. फिला कधी मोठ्याने बोलणारी बाई नाही. खोक्यांच्या मधल्या जागेत उभी राहून तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला, आणि म्हणाली, "मेतोदीभाऊ, आज झाड. उद्या मी."

तुम्ही एवढी रहस्याची पुस्तकं वाचता, जरा बघा ना, असंही ती म्हणाली. मी तिला सांगितलं की त्या पुस्तकांतला गुन्हेगार मला शेवटचं पान येईपर्यंत कधीच ओळखता आलेला नाही. ते खरंच होतं. पण ती गेली नाही. खोक्यावर बसून राहिली. शेवटी मीच कोट घातला.

२

झाडाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. म्हणून फिलाची अडचण आधी सांगायला हवी.

ते घर गात्योचं. गात्यो गेल्या शरद ऋतूत वारला. फिला त्याच्या घरी कित्येक वर्षं राहिली, पण लग्न झालेलं नव्हतं. तिचा नवरा परदेशात कामाला गेला तो परतला नाही, पत्ता कळला नाही, त्यामुळे सोडचिठ्ठीही मिळाली नाही. कागदोपत्री ती अजून शहरातल्या कापडगिरणीच्या वसतिगृहात राहत होती. ते वसतिगृह कधीच पाडून टाकलेलं आहे.

कायदा मात्र तिच्या बाजूचा होता. संपादनाचं काम पाहणाऱ्या वकील अलेक्सिएवा बाईंनी वाचनालयातल्या सभेत तो आम्हाला समजावून सांगितला होता. घराची किंमत मालकाला किंवा त्याच्या वारसाला मिळणार. पण जाहीरनामा निघण्याच्या आधीपासून जो माणूस त्या घरात राहतो आणि ज्याला दुसरा आसरा नाही, त्याला पठारावरच्या नव्या गावात घर दिल्याशिवाय सरकार बाहेर काढू शकत नाही. घर त्याच्या नावावर असो वा नसो. एका घराच्या बदल्यात एक घर. राहणारा कोणीच नसेल तर ते नवं घर वारसाकडे जाणार.

फिला तिथे राहत होती हे सिद्ध करायला दोन गावकऱ्यांची साक्ष हवी होती. एक साक्ष माझी होती. दुसरी मिळत नव्हती. तसं असेल तर, अलेक्सिएवा बाई म्हणाल्या होत्या, घरात किंवा अंगणात अशी एखादी खूण दाखवा जी काल-परवा तयार करता येत नाही. भांडी आणि कपडे कोणीही आणून ठेवतं. शुक्रवारी त्या पाहायला येणार होत्या.

आता शुक्रवारच्या आत मला एका झाडाचं कोडं सोडवायचं होतं, आणि कोडं सोडवण्यात मी कच्चा.

अंगणात जाऊन मी खोडाभोवती फिरलो. पहिली गोष्ट मला दिसली ती अशी की कापलेल्या फांद्या फक्त हात पोचेल तेवढ्या उंचीच्या होत्या. लाकूड हवं असतं तर चोराने वरचा भाग सोडला नसता. जर्दाळूचं लाकूड चांगलं. जुने लोक त्याची सनई करतात.

शेजारचा वाक्रिल भिंतीवरून हे बघत होता. त्या झाडाची एक लांब फांदी त्याच्या भिंतीवर पसरलेली आहे. तिच्या पिकल्या फळांवरून त्याचं आणि गात्योचं भांडण झालं आणि गात्यो मेला तरी ते मिटलं नाही. फिलासाठी साक्ष द्यायला वाक्रिल तयार नव्हता तो याच कारणाने, जरी तो ते वेगळ्या शब्दांत सांगायचा.

"जाताना बघितलंय, येताना बघितलंय," तो म्हणाला. "रात्री ती कुठे झोपायची ते बघायला मी काय खिडकीशी गेलो होतो का, मेतोद्या?"

मी झाडाबद्दल विचारलं. त्याने आवाज ऐकला नव्हता. सकाळभर तो नव्या गावात कौलं उतरवत होता. कोणी कापलं असेल त्याचे हात सोन्याचे, पण कामात अर्धवट, असं त्याचं मत पडलं. आणि त्याने भिंतीवरच्या फांदीकडे बोट दाखवलं. ती तिथेच होती. फुलांनी लगडलेली.

वाक्रिलने झाड छाटलं असतं तर त्याने सगळ्यात आधी तीच फांदी तोडली असती. एवढं मलाही कळलं.

त्याच्या मनगटावर अजून मार्तेनित्सा होती. लाल-पांढऱ्या लोकरीचा तो गोंडा आमच्याकडे पहिल्या मार्चला एकमेकांना बांधतात, वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून. पहिला करकोचा किंवा फुललेलं झाड दिसलं की तो काढून फांदीला बांधायचा. मी विचारलं, शेजारी झाड फुललंय, अजून का काढला नाहीस? तो म्हणाला, "त्या झाडाला मी बांधणार नाही. करकोच्याची वाट बघतोय." मग मनगट पुढे करून म्हणाला, "आणि बघ, स्तामेनाने याही वर्षी आपल्याला असाच दिलाय. साधा. तिच्या पोराच्या हातात बघशील तर आत निळा दोरा असतो. रक्ताच्या माणसांना निळा, आपल्यासारख्या परक्यांना हे."

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. माझाही साधाच होता.

३

स्तामेना ही गात्योची बहीण. घराची किंमत तिच्या मुलाला, ल्यूबेनला मिळणार होती. गात्योने तसं मृत्युपत्र केलं होतं. ल्यूबेन शहरात राहतो. तो आदल्या दिवशीच मामाच्या घराची कौलं न्यायला गाडी घेऊन आला होता, आणि गाडीत यांत्रिक करवत होती. गावात कोणालाही विचारा, सगळे त्याचंच नाव घेत होते.

मी त्याला आईच्या दारात गाठलं. स्तामेनाचं घर गावाच्या वरच्या टोकाला आहे. सरकारने पाण्याची हद्द दाखवायला लाल खुंट्या ठोकल्या, त्यातली शेवटची खुंटी तिच्या कुंपणाच्या खाली चार पावलांवर आहे. तिथून खाली पाहिलं की गाव स्वप्नात पाहिल्यासारखं दिसतं. छपरं उतरवलेली घरं, दारं नसलेल्या चौकटी, आणि चौकटींतून मोकळं ये-जा करणारं धुकं.

ल्यूबेनला माझा प्रश्न कळायला वेळ लागला. मग तो हसला. त्यात राग नव्हता, थकवा होता.

"मेतोदीकाका, फळ देणाऱ्या प्रत्येक झाडाची भरपाई मलाच मिळणार आहे. उभ्या झाडाची. मी ते कशाला भादरू?"

करवतीचं विचारलं तर त्याने ती आणून माझ्या हातात दिली. इतकी जड की मला ती नीट धरता येईना. तिच्या दातांत जुनं तेल आणि चुन्याचा भुगा होता. आणि दुसरंही माझ्या लक्षात आलं. झाडावरचे काप छोट्या हातकरवतीचे होते, सावकाश घेतलेले. वर माती लिंपलेली. ल्यूबेन शहरात वाढलेला मुलगा, झाडाच्या जखमेला माती लावायची असते हे त्याच्या गावीही नसावं. झाडावर चालून गेलेल्या माणसाने त्याची काळजीही घेतली होती.

मनगटावर घड्याळाखाली त्याचा गोंडा दिसत होता. लाल, पांढरा आणि निळा.

स्तामेनाने मला आत बोलावून जवसाचा काढा दिला. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे ती मला कधीच घाबरत नाही आणि मी तिला नेहमी घाबरतो. फिलाबद्दल विचारलं तर ती चुलीकडे बघत म्हणाली, "कोण फिला? माझा भाऊ एकटा राहत होता." वकीलबाईंना तिने हेच सांगितलं होतं. मी म्हणालो, अख्ख्या गावाला माहीत आहे. ती म्हणाली, "गाव आहेच कुठे?"

निघताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की तुझं घर तरी वाचलं.

"हो," ती म्हणाली. "सगळे तेच म्हणतात."

आणि तिने दार लावून घेतलं.

४

तीन संशयित, आणि तिघांवरही काही बसेना. वाचनालयात येऊन मी खोक्यावर बसलो. बाहेर करकोच्यांचं एक जोडपं आलं होतं. ज्या धुराड्यावर त्यांचं घरटं होतं ते धुराडं उतरवून नेलेलं. पक्षी त्या रिकाम्या जागेवरच्या हवेत गोल गोल फिरत होते, जणू घरटं तिथेच आहे आणि आपल्यालाच दिसत नाही. मी बराच वेळ पाहत राहिलो. खरा तपास करणारा माणूस एव्हाना उठला असता.

मग मला वाटलं की मी प्रश्नच उलटा धरलाय. झाड कोणाला नको होतं हे मी विचारत होतो. पण झाड तर ठेवलं होतं, मलमपट्टी करून. ज्याने ते केलं त्याला झाडाशी वैर नव्हतं. त्याला फांद्या नको होत्या. त्यातही फक्त हाताला लागणाऱ्या.

मी फिलाकडे गेलो आणि विचारलं की खालच्या फांद्यांवर काय होतं.

"काही नाही. फुलं," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आणि आमचे गोंडे."

गात्यो आणि ती दर वर्षी झाड फुललं की आपापले गोंडे काढून शेजारी शेजारी बांधत. कधी या फांदीला, कधी त्या. जुने कोणी काढत नाही. फांदी जाड होते, साल दोऱ्यावर चढते आणि काही वर्षांत दोरा लाकडात जातो.

ती सांगत होती आणि माझ्या हातातला पेला मी टेबलावर ठेवून दिला. काल-परवा तयार करता येणार नाही अशी खूण. तीच तर अंगणात उभी होती, रोज, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि फिलाच्याही ध्यानात आलं नव्हतं. रोजचं कोणाच्या ध्यानात येतं? पण एकाच्या आलं होतं.

"गोंडे कोण करायचं?" मी विचारलं. "तुम्ही?"

तिने मान हलवली. तिला लोकरीचं काम येत नव्हतं. मार्चच्या पहिल्या सकाळी ते फाटकाच्या कडीला अडकवलेले असायचे, दोन. कोणी हाक मारत नसे. गात्यो ते काढून आणायचा आणि एक तिला बांधायचा, आणि त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. या वर्षी तो नव्हता. तरी सकाळी कडीला एक गोंडा होता.

तिने बाही वर सारली.

लाल लोकर, पांढरी लोकर, आणि आत पिळलेला बारीक निळा दोरा.

५

ओळखलं तरी हातात काय होतं? एक दोरा, तोही या वर्षीचा. फांद्या हव्या होत्या, आणि त्या जळाल्या असतील तर सगळंच संपलं.

पण स्तामेनाला मी लहानपणापासून ओळखतो. आमच्याकडे गोंडा जाळत नाहीत. जाळला तर ज्याच्या हाताला तो बांधला होता त्याची तब्येत जळते असं म्हणतात. मी हे मानतो का, मला माहीत नाही; पण मीही कधी जाळलेला नाही. मग झाड नसेल तर काय करायचं? आमच्या आज्या करत आल्या ते. वाहत्या पाण्याला द्यायचा. पाणी तो घेऊन जातं आणि त्याबरोबर दुखणंही. अंगणाच्या मागच्या वाटेने नदी जवळ आहे, आणि हलक्या फांद्या ओढत नेणं म्हातारीलाही जमण्यासारखं आहे.

म्हणजे फांद्या नदीत गेल्या होत्या, आणि नदी त्या केव्हाच घेऊन गेली असणार. तरी मी गेलो. जाण्यात अर्थ नव्हता, पण घरी बसण्यातही नव्हता.

कपडे धुण्याच्या दगडांपाशी पोचलो तेव्हा आधी मला काही तरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं, आवाज नव्हता. जन्मापासून ज्या आवाजात मी झोपलो आणि जागा झालो तो आवाज तिथे नव्हता. धरणाचे दरवाजे चाचणीसाठी बंद केले होते, आणि पाणी हळूहळू मागे सरत आमच्यापर्यंत पोचलं होतं. नदी थांबली होती. तिच्यावर हजारो जर्दाळूच्या पाकळ्या पसरल्या होत्या आणि एकही हलत नव्हती. आकाश खाली आणि पाकळ्या मध्ये कुठेतरी. मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही.

पाकळ्यांच्या मध्ये, टाकल्या होत्या तिथेच, फांद्या होत्या.

तिहोवित्सात जन्मलेल्या माणसाच्याच हातून ही चूक होईल. शहरातल्याने फांद्या जाळल्या असत्या. आमच्यातला माणूस नदीला देतो, पाठ फिरवतो, आणि मागे वळून बघत नाही, कारण वळून बघायचं नसतं. स्तामेनाने वळून पाहिलं असतं तर नदी काही घेऊन जात नाहीये हे तिला दिसलं असतं.

मी बूट काढून पाण्यात शिरलो आणि हाताला आलेली पहिली फांदी ओढली. टोकाकडचे गोंडे विटलेले, पण रंग कळत होते. जाड भागात सालीवर नुसत्या वळकट्या होत्या आणि वळकटीतून लोकरीचं एखादं टोक बाहेर. सगळीकडे जोड्या. चाकूने मी एका वळकटीची साल अलगद उचकटली. आत दोन दोरे, लाकडात दबलेले.

दोन्हींत निळा होता.

६

मी स्तामेनाच्या स्वयंपाकघरात बसून हे सगळं सांगितलं तेव्हा ल्यूबेन शहरात परतला होता. मी पुस्तकातल्यासारखं सांगायला गेलो आणि मध्येच क्रम चुकला. आधी नदी सांगितली, मग माती, मग वाक्रिलची फांदी. स्तामेना लोणच्यासाठी वाळवलेल्या मिरच्यांचे देठ काढत होती. तिने मला थांबवलं नाही.

शेवटी ती म्हणाली की पहिल्या मार्चला कोणाचं मनगट मोकळं ठेवू नये, एवढंच होतं ते. दुसरं काही नाही.

"आणि निळा दोरा?"

"उरला होता."

"दर वर्षी?"

तिने एक देठ काढला, मग दुसरा. मग हात थांबले.

त्यानंतर ती जे बोलली ते मी तुकड्यातुकड्यांतच सांगू शकतो. खालची सगळी माणसं पठारावर जाणार. तिचं घर खुंटीच्या वर, म्हणून नकाशात नाही, म्हणून तिला काहीच नाही. ना घर, ना किंमत, ना साधी नोटीस. तिच्या दारात संपादनाचा माणूस कधी आलाच नाही. पाणी चढलं की दुकानाची वाट बुडणार, विहीर बुडणार, कबरस्तान आधीच हलवलेलं. ल्यूबेनकडे शहरात एक खोली आणि त्यात चार माणसं. म्हणून मायलेकांनी ठरवलं होतं की गात्योच्या बदल्यातलं घर मिळालं की ती तिथे जाईल. त्यासाठी गात्योच्या घरात कोणी राहत नव्हतं असं असायला हवं होतं. झाडाचं ल्यूबेनला ठाऊक नव्हतं. सभेत बाईंनी खूण म्हटलं तेव्हा तिला झाडावरचे आपल्या हातचे गोंडे आठवले.

"सरकार बुडणाऱ्यांना विचारतं," ती म्हणाली. "काठावर राहिलेल्याला कोण विचारतं, मेतोद्या? मी या खिडकीत बसून पाणी बघत मरू?"

मी म्हणालो की बाईंना विचारतो, कायद्यात काहीतरी असेल.

"तू? तुला बसमध्ये कंडक्टरकडे सुटे पैसे मागता येत नाहीत. तू सरकारला विचारणार?"

मी विचारलं. वाचनालयातल्या फोनवरून, आधी काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून. अलेक्सिएवा बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की असं कलम आहे. संपादनामुळे ज्याच्या घराची वाट, पाणी आणि शेजार तुटतो, त्याचं घर हद्दीबाहेर असलं तरी सरकारने ते घ्यावं आणि बदल्यात घर द्यावं अशी मागणी तो करू शकतो. मागायला मात्र हवं. त्यांना हे कोणी सांगितलं नाही का, काका?

मी फांदीबद्दलही सांगितलं. त्या म्हणाल्या की फांदी मोलाची आहे, पण अपुरी. त्या घरात दोघं राहत होते एवढं फांदी सांगते. दुसरी फिला होती हे, गोंडा ज्याने दिला त्यानेच सांगायला हवं.

मी पुन्हा वर गेलो आणि दारातूनच स्तामेनाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिची मागणी आणि फिलाची साक्ष, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, हेही सांगितलं. तुझं तुला मिळेल, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. ते सांगताना वाटलं की मी स्वतःच्या हाताने फिलाचं नुकसान करतोय. पण खोटं बोलून तिला आणणं मला जमलं नसतं.

स्तामेनाने दार लावलं.

७

शुक्रवारी वाचनालयात खोकी भिंतीला लावून मी मधोमध टेबल ठेवलं. त्यावर फांदी. अलेक्सिएवा बाई चष्मा लावून एकेक वळकटी पाहत होत्या. फिला खिडकीशी बसली होती, हात मांडीवर. वाक्रिल आला होता तो गंमत बघायला, असं तोच म्हणाला.

बाईंनी माझी साक्ष लिहून घेतली. मग विचारलं की आणखी कोणी आहे का. धुकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, आणि फिलाकडे पाहायचं टाळलं.

दार उघडलं तेव्हा वाटलं वारा असेल. स्तामेना होती. चर्चला जातानाचा काळा कोट घालून आली होती आणि चढ-उताराने तिला धाप लागली होती. तिने खुर्ची घेतली नाही.

"फांद्या मी कापल्या," ती म्हणाली. "आणि ती राहत होती."

बाईंनी विचारलं, कोण.

स्तामेनाने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. बाई म्हणाल्या की तुम्ही आधी भाऊ एकटा राहत होता असं सांगितलं होतं. आता वेगळं सांगताय, तर कशावरून सांगताय? त्या घरात तर तुम्ही जात नव्हता.

"जात नव्हते. पण भाऊ रविवारी डब्यातून सूप पाठवायचा. त्याला अंडं उकडता येत नव्हतं, सूप हिच्याच हातचं. इतकी वर्षं प्यायले मी ते. त्यात मीठ म्हणून नसायचं."

वाक्रिल हसला आणि लगेच थांबला.

फिला उभी राहिली. त्या दोघी एकमेकींशी थेट बोललेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "मीठ डॉक्टरांनी बंद केलं होतं," ती म्हणाली. "रक्तदाब होता त्यांना."

"मला नाही बोलला तो."

"कोणालाच सांगू देत नव्हते."

स्तामेना टेबलाची कड धरून उभी होती. ती फांदीकडे बघत होती, पण काहीतरी दुसरंच जुळवत होती.

"मी डब्यातून खारं चीज भरून परत पाठवायचे," ती सावकाश म्हणाली. "दर रविवारी. खाऱ्या पाण्यातलं. ते मग कोण खायचं?"

"मी," फिला म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. आवडायचं मला."

अलेक्सिएवा बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. त्यांनी हळूच विचारलं की हेही साक्षीत घ्यायचं का.

"घ्या," स्तामेना म्हणाली, आणि आता तिने खुर्ची ओढली, फिलाच्या शेजारची. "दर रविवारचं चीज हिने खाल्लं म्हणून लिहा."